पुंजयामिकी गणना आणि अदमासाची जबाबदारी

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून विमानतळाच्या दिशेने थोडे पुढे गेले की जक्कूर लागते. १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र तेथे आहे. धातूंतील आणि रेणूंतील इलेक्ट्रॉन कसे वागतात हे भट्टी वा परीक्षानळी न वापरता केवळ पुंजयामिकीच्या समीकरणांवरून काढावयाचे, हे तेथील अनेक अभ्यासकांचे काम आहे. त्यांतील उमेश वाघमारे हे नाव मराठी वाचकाला आडनावावरूनच जवळचे वाटावे. २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले.

अशा गणनांना मूलतत्त्वाधिष्ठित गणना म्हणतात. माझा आक्षेप गणनांना नाही, या विशेषणामुळे होणाऱ्या गैरसमजास आहे. निसर्गाचा नियम एका बाजूने घातला आणि दुसऱ्या बाजूने उत्तर निघाले, मध्ये माणसाचा हात कोठे लागलाच नाही, असे ते ऐकणाऱ्यास वाटते. डिरॅक यांनी १९२९ साली असे प्रतिपादन केले होते, की संपूर्ण रसायनशास्त्राला पुरे पडतील असे नियम आता हाती आले आहेत. हे विधान आपण वारंवार उद्धृत करतो. त्याच ठिकाणी त्यांनी पुढे असेही सांगितले होते, की ती समीकरणे सुटण्यापलीकडची आहेत आणि म्हणून व्यवहार्य अदमासाच्या पद्धती शोधल्या पाहिजेत. हा उत्तरार्ध मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

अडचण केवढी आहे ते पाहावे. लोखंडाच्या एका अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाचे स्थान सांगण्यास तीन संख्या लागतात, म्हणजे एकूण ७८. प्रत्येक संख्येसाठी अवघी दहा मूल्ये घेतली, तरी एकावर ७८ शून्ये इतक्या नोंदी ठेवाव्या लागतील. जगातील कोणताही संगणक त्या ठेवू शकणार नाही. यातून मार्ग निघाला तो १९६४ आणि १९६५ साली, होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांच्या निबंधांतून. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा पाठलाग न करता अवकाशात कोठे किती इलेक्ट्रॉन-घनता आहे एवढे कळले तरी पुरते, असे त्यांनी दाखविले. कोन हे भौतिकीचे अभ्यासक, पण १९९८ चे नोबेल पारितोषिक त्यांना रसायनशास्त्रात मिळाले, यावरून या कल्पनेचा पल्ला ध्यानात यावा.

परंतु या सिद्धांतात एक पद असे आहे, की त्याचे तंतोतंत व्यावहारिक रूप अद्याप कोणाच्याही हाती आलेले नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात, काही अंशी समान विद्युतभारामुळे आणि काही अंशी पाउलींच्या नियमामुळे. या टाळण्याचा ऊर्जेवर होणारा परिणाम त्या पदात भरावयाचा असतो. सर्वांत जुना अदमास असा, की प्रत्येक बिंदूपाशी सर्वत्र एकसारख्या पसरलेल्या इलेक्ट्रॉन-सागराचे मूल्य वापरावे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तसाच हा प्रकार. भात सारखा शिजलेला असेल तर परीक्षा बरोबर उतरते. सोडियम, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंत ती चांगली उतरते. सिलिकॉनमध्ये सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ऊर्जा-अंतर या अदमासाने निम्म्यावर येते. लोहाचा साधा ऑक्साइड तर या गणनेत धातू ठरतो. प्रत्यक्षात तो निरोधक आहे.

याहून बोधप्रद उदाहरण ग्रॅफाइटचे. त्याचे थर ज्या क्षीण आकर्षणाने एकमेकांशी बांधलेले असतात, ते या जुन्या अदमासात मुळी अंतर्भूतच नाही. तरीही थरांमधील अंतर त्यातून जवळजवळ बरोबर येते. पुढे १९९६ साली आलेला अधिक सुधारलेला अदमास वापरला, तर थर एकमेकांस धरूनच राहत नाहीत. म्हणजे पहिले उत्तर योगायोगाने बरोबर होते.

पुणे विद्यापीठात हीच विद्या किती सावधपणे हाताळली गेली, ते येथे सांगितले पाहिजे. गॅलियम ३० अंशांच्या आतच वितळते, तळहातावर ठेवले तरी त्याचे पाणी होते. परंतु १७ अणूंचा पुंजका त्याहून कितीतरी अधिक तपमानालाही घनरूप राहतो, असे २००३ साली अमेरिकेतील प्रयोगांत आढळले. दिलीप कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली गणनेने त्याचे कारण दिले: पुंजक्यातील बंध सहसंयुज आहेत, म्हणून ते दृढ आहेत. येथे आकड्यामागे कारण होते आणि कारणासमोर प्रयोग होता. श्रीधर गद्रे यांच्या गटाने १९९४ साली मोठ्या रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे कापून, त्यांची वेगवेगळी गणना करून, ते पुन्हा जोडण्याची पद्धत मांडली. तिचे नावच शिंपीकामावरून पडले आहे. मला ती प्रिय आहे, कारण तिची शिवण उघडी दिसते. कापण्याची जागा बदलून उत्तर किती हलते ते कोणासही पाहता येते.

आज तयार आज्ञावल्या सर्वत्र मिळतात. भारतीय विज्ञान संस्थेतील २०२२ साली कार्यान्वित झालेला परम प्रवेग ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा आहे. हे स्वागतार्हच आहे. कोणता अदमास कोठे चालतो हे अनुभवाने ठाऊक झाले आहे, असे यावर कोणी म्हणेल. ज्ञात पदार्थांपुरते ते खरे आहे. मात्र हा खटाटोप ज्यांच्यासाठी करावयाचा त्या नव्या पदार्थांबाबत अनुभव नसतोच. म्हणून प्रत्येक प्रबंधात एक पान विद्यार्थ्याने स्वभाषेत लिहावे असे मी सुचवितो: कोणता अदमास घेतला, तो कोठे फसतो, आणि कोणत्या प्रयोगाने आपले उत्तर खोटे ठरेल. इंग्रजीतील घडीव शब्दप्रयोग न तपासता पुढे सरकतात. मराठीत ते उलगडूनच सांगावे लागतात.

थरयुक्त पदार्थांवरील एका प्रबंधाच्या तोंडी परीक्षेस मी परीक्षक होतो. तक्त्यात थरांमधील अंतर चार दशांश स्थळांपर्यंत दिलेले होते. हाच अदमास का, असे विचारता, आज्ञावलीत तो आधीच निवडलेला होता, असे उत्तर मिळाले. मग मी मराठीत विचारले, "या अदमासात थरांना धरून ठेवणारे काय आहे?" मुलगा हुशार होता. त्याने कागद ओढला, दोन थर काढले, बराच वेळ त्यांकडे पाहिले, आणि म्हणाला, "काहीच नाही, सर." तक्ता पुन्हा तपासण्यासाठी त्याने पंधरा दिवस मागून घेतले.