व्यथा ऐकण्याची रीत
घरातील कर्त्या मुलाची नोकरी सुटल्याची हकीकत एखाद्या पित्याने दबल्या आवाजात सांगू लागावे, आणि त्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच एकाने आपल्या मेहुण्यावर याहून बिकट प्रसंग गुदरल्याची कैफियत मांडावी, दुसऱ्याने ‘मी तेव्हाच बजावले होते’ असा निवाडा द्यावा, आणि तिसऱ्याने ‘होईल सारे ठीक’ म्हणून विषय निकालात काढावा, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास घडतो की, त्यातील निष्ठुरता कोणाच्या ध्यानातही येत नाही. वास्तविक आपली विवंचना कोणी तरी शांतपणे ऐकून घ्यावी, एवढीच त्या पित्याची अपेक्षा असते. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मोपदेशकांनी आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी ‘समॅरिटन्स’ ही सेवा आरंभिली, तेव्हा भेटीसाठी तिष्ठणाऱ्यांना चहा देऊन त्यांच्याजवळ बसणाऱ्या साध्या स्वयंसेवकांपाशीच कित्येकांचे मन इतके मोकळे होई की, त्यांना व्हारांच्या भेटीची गरजच उरत नसे. म्हणून १९५४ साली हे कार्य त्यांनी स्वयंसेवकांच्याच हवाली केले. तेव्हा आप्तेष्टाची व्यथा प्रथम संपूर्ण ऐकावी, आणि मग ‘मी काय करू?’ एवढेच विचारावे. उपदेशाला पुढे पुष्कळ अवसर असतो.