शेकडा कशावर?



व्यापारी घरातील मूल पाढे शिकते त्याच वयात ‘शेकडा’ हा शब्द त्याच्या कानी पडतो. नफा, व्याज, दलाली, सूट, कर हे सारे शेकड्यानेच मोजले जाते. तरीही जाणत्यांची गफलत होते. ती बहुधा आकडेमोडीत नसते. शेकडा कशावर धरायचा, या प्रश्नात असते.

नात्यातील दोन घरांची हकिगत सांगतो. एकाने दुसऱ्याच्या दुकानी १०० साड्या विक्रीस ठेवल्या. ठराव असा की, दुकानदाराने विक्रीच्या रकमेवर २० टक्के दलाली घ्यावी आणि मालधन्यास साडीमागे ₹ ८०० मिळावेत. दुकानातील पुतण्याने ८०० वर २० टक्के चढवून किंमत ₹ ९६० लावली. हंगाम सरला, हिशेब झाला. ९६० वरील दलाली १९२. मालधन्याच्या हाती ७६८. साडीमागे ३२, एकूण ३,२०० रुपयांची तूट! मालधनी म्हणे, दलाली अधिक घेतली. दुकानदार म्हणे, ठरावाबाहेर एक पैसा घेतला नाही. दोघेही प्रामाणिक, पण दोघांच्याही मनात अढी.

वृद्ध काकांनी पुतण्यास जवळ बसविले.

“ठाऊक नसलेली रक्कम कोणती?”

“विक्रीची किंमत, काका.”

“आणि दलाली कशावर?”

“तीही विक्रीवरच.”

“मग तिलाच ‘क्ष’ मान आणि ठराव जसाच्या तसा मांड.”

क्ष − (२०/१००) क्ष = ८००
(८०/१००) क्ष = ८००
क्ष = ८०० × १०० ÷ ८० = १,०००

ताळा पाहा: १,००० वर दलाली २००, बाकी ८००. चूक उमगली, संशय मावळला. ३,२०० ची तूट दोन्ही घरांनी निम्मी निम्मी सोसली.

यातील नियम एवढाच: ज्या रकमेवर शेकडा मोजला जातो, तिला ‘क्ष’ म्हणावे. करासह ₹ १,१८० चे बिल घ्या. कर १८ टक्के. कर मूळ किमतीवर असतो, म्हणून मूळ किंमत क्ष. (११८/१००) क्ष = १,१८०; क्ष = १,००० आणि कर १८०. उलट, १,१८० चेच १८ टक्के काढल्यास २१२.४० येतात, ३२.४० चा फरक पडतो.

ही शिस्त आपणांस परकी नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्रैराशिक आणि व्याजाची उदाहरणे त्यात विस्ताराने आली आहेत. मुद्दल, मुदत, व्याज यांपैकी अज्ञात कोणते, हे आधी ओळखावे आणि मग ज्ञातावरून ते शोधावे, हीच तेथील रीत आहे.

घरातील मुलांसाठी एक उदाहरण: १५ टक्के सूट देऊन दुकानदाराने ₹ १,७०० घेतले. मूळ किंमत किती? १,७०० वर १५ टक्के चढविल्यास १,९५५ येतील. ते उत्तर नव्हे. (८५/१००) क्ष = १,७०० असे मांडल्यास २,००० मिळतील. ताळा मुलांनीच करावा. वहीत ‘क्ष’ योग्य जागी पडला, की हिशेबही राहतो आणि नातेही.