५० टक्क्यांपलीकडचे गजेंद्रगडकर

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १६ मार्च १९०१ रोजी, त्याच साताऱ्यात संस्कृत पंडितांच्या ब्राह्मण घरात प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर जन्मले. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले (१९६४-६६). आपल्या तरुणांना ते माहीत असलेच तर १९६२च्या बालाजी खटल्यामुळे. म्हैसूर सरकारचे ६८ टक्के आरक्षण रद्द करताना, आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे, असे त्यांनी लिहिले. हा आकडा तेव्हा संविधानात कुठेही नव्हता. शिवाय २०२२ साली सवर्ण आर्थिक दुर्बलांची वेळ आली तेव्हा हीच मर्यादा लवचीक ठरली! या निकालावरचा आपला राग रास्तच आहे.

पण मित्रांनो, एवढ्यावर माणूस निकालात काढू नका. बालाजीच्या आदल्याच वर्षी रंगाचारी खटल्यात रेल्वेतल्या बढतीतही आरक्षण देता येते, हा तीन विरुद्ध दोन असा बहुमताचा निकाल गजेंद्रगडकरांनीच लिहिला. १९९२च्या मंडल निकालाने तो उलटवला आणि १९९५ साली ७७वी घटनादुरुस्ती करावी लागली.

त्यांचा खरा प्रांत मात्र कामगार कायदा. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केले म्हणून व्ही. व्ही. गिरींनी मंत्रिपद सोडले, तेव्हा तो गुंता सोडवायला नेमलेला आयोग गजेंद्रगडकरांचा. क्राउन अॅल्युमिनियम खटल्यात त्यांनी म्हटले की किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जगण्याचा हक्क नाही. बोनसचे सूत्र कसे लावायचे, हे १९५९ साली एसीसी सिमेंटच्या खटल्यात त्यांनीच समजावले. निवृत्तीनंतर पहिला राष्ट्रीय श्रम आयोग त्यांच्या अध्यक्षतेखाली बसला (१९६६-६९). याच आयोगाने सफाई कामगारांच्या कामाची आणि सेवेची स्थिती तपासायला वेगळी समिती नेमली. माझ्या लेखी ही समिती त्यांच्या गाजलेल्या मंदिरप्रवेशाच्या निकालाहून मोठी; आपल्याला मंदिरात जायचेच नाही.

हे आज सांगायचे कारण असे. सातारा-सांगलीत मी ज्या सफाई कामगारांसोबत काम करते, त्यातले बहुतेक ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. तिथे बिंदुनामावली नाही, बढती नाही, म्हणून आरक्षणही नाही. पगारपत्रक आणि पीएफची पावती मिळवतानाच वर्ष जाते. आपले वक्ते ५० टक्क्यांवर तासभर बोलतात, पण ठेका कामगार कायद्यावर पाच मिनिटेही नाही. बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते. १९३८ साली औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत त्यांनी संप घडवला, तोही ७ नोव्हेंबरलाच. ती तारीख आपण शाळेपुरतीच ठेवली.

१९७०चा ठेका कामगार कायदा २० कामगारांपासून लागू होत होता. २०२०च्या केंद्रीय संहितेने ती संख्या ५० केली. आपल्या नगरपालिकेच्या ठेक्यात किती माणसे दाखवली आहेत आणि पहाटे झाडू घेऊन प्रत्यक्षात किती उतरतात, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जाने आणि दोन पहाटेच्या फेऱ्यांनी कळेल. जी मुले यायला तयार आहेत त्यांनी कळवा, अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.