तंजावरची इसापनीती आणि जपानचा ‘जंप’

मराठी मुलांसाठी पहिलं छापील पुस्तक कुठे निघालं असेल? पुणे, मुंबई, फार तर नागपूर, अशीच उत्तरं बहुतेक वाचक देतील. खरं उत्तर या तिन्ही शहरांपासून फार दूर, कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीच्या मुलखात आहे. गावाचं नाव तंजावर. साल १८०६. पुस्तकाचं नाव ‘बालबोध मुक्तावली’. इसापच्या गोष्टींचा हा मराठी अनुवाद सख्खन पंडितांनी केला आणि तंजावरचे राजे सरफोजी भोसले यांच्या छापखान्यात तो छापला गेला. मराठी बालवाङ्मयाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सुरुवातीला याच पुस्तकाचं नाव घेतात.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्याची गादी स्थापली, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्याच घराण्यातले हे दुसरे सरफोजी. जन्म १७७७ चा. दत्तक म्हणून घराण्यात आलेल्या या मुलाची गादी चुलत्याने बळकावली, तेव्हा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्याचा सांभाळ केला, त्याला शिकवलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले खरे, पण दुसऱ्याच वर्षी कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरलं ते तंजावरचा किल्ला आणि मिळणारा तनखा. दुसरा कुणी असता तर शिकारीत आणि नाचगाण्यात रमला असता. सरफोजींनी पुस्तकं जमवली, वैद्यकाचा अभ्यास केला, ओरथनाडूला मुक्तांबाळ छत्रात मुलांच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय केली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. आणि ‘नवविद्या कलानिधी शाळा’ या नावाने छापखाना काढला.

त्या काळाचा विचार करा. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं होतं, तेही गोऱ्या अधिकाऱ्यांना मराठी शिकता यावी म्हणून. महाराष्ट्रात बापू छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आली १८२८ मध्ये. म्हणजे तंजावर बावीस वर्षं पुढे होतं. शिवाय पुस्तकाच्या नावातच ‘बालबोध’. मोडी ही कारभाराची लिपी. सुट्या, स्पष्ट अक्षरांची देवनागरी ती बालबोध, पोरांनाही कळेल अशी. नावातूनच वाचक कोण ते स्पष्ट होत होतं.

एवढी सुंदर सुरुवात झाली. मग पुढे काय झालं?

पुढे फारसं काही झालं नाही, हेच दुःख आहे. त्या पुस्तकामागून मुलांसाठी दुसरं, तिसरं, दहावं अशी परंपरा तंजावरात उभी राहिली नाही. छापखाना होता तो राजाच्या हौसेवर. बाजारात पुस्तक घ्यायला येणारा मुलगा किंवा त्याचा बाप तिथे नव्हता. १८३२ मध्ये सरफोजी गेले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारले आणि राज्य खालसा झालं. मुलांसाठी मराठीत दर महिन्याला काहीतरी घेऊन येणारं वा. गो. आपटे यांचं ‘आनंद’ मासिक महाराष्ट्रात निघालं ते १९०६ मध्ये. तंजावरच्या पुस्तकाला तोवर शंभर वर्षं झाली होती.

याच इसापची दुसरी एक सफर पाहण्यासारखी आहे. तंजावरच्याही दोनशे वर्षं आधी, १५९३ मध्ये, जपानमधल्या अमाकुसा गावी युरोपीय धर्मगुरूंच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी जपानी भाषेत छापल्या गेल्या. भाषा जपानी, पण अक्षरं रोमन! कारण ते पुस्तक मुख्यतः धर्मगुरूंना जपानी शिकता यावं म्हणून होतं. पण जपान्यांनी या गोष्टी आपल्याशा केल्या. सतराव्या शतकात त्या जपानी लिपीत आल्या, चित्रांसह आल्या. परक्या छापखान्यातून आलेली गोष्ट लोकांनी आपल्या अक्षरांत उतरवून घेतली.

जपानी मुलं पुढेही चित्रं आणि अक्षरं बरोबरच वाचत राहिली. १९५९ च्या मार्च महिन्यात एकाच दिवशी तिथे मुलग्यांसाठी दोन चित्रकथा साप्ताहिकं निघाली, ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’. ‘शोनेन’ म्हणजे मुलगा, किशोर. १९६८ मध्ये शुएइशा या प्रकाशन संस्थेने ‘शोनेन जंप’ काढलं. आधी पाक्षिक, पुढच्या वर्षी साप्ताहिक. नामवंत चित्रकार आधीच्या दोघांनी बांधून घेतलेले. तेव्हा या उशिरा आलेल्या संपादकांनी नवख्या पोरांना हाताशी धरलं आणि अंकात एक पोस्टकार्ड घातलं. या अंकातल्या कुठल्या तीन गोष्टी आवडल्या, ते लिहून पाठवा! ज्या मालिकेला मतं कमी, ती काही आठवड्यांत बंद. पद्धत निष्ठुरच म्हणायची, चित्रकारांचा तिने घाम काढला. पण शाळकरी मुलाचं मत मोठी माणसं इतकं मनावर घेतात, हे त्या मुलाला दर आठवड्याला दिसत होतं.

अंक स्वस्त, कागद हलका, पानं चारशेच्या वर. आगगाडीत वाचायचा आणि टाकून द्यायचा. तरी त्याच अंकात १९७३ मध्ये हिरोशिमाच्या बॉम्बहल्ल्यातून बचावलेल्या केइजी नाकाझावा यांनी आपल्या अनुभवावर बेतलेली ‘हादाशी नो गेन’, म्हणजे अनवाणी गेन, ही चित्रकथा सुरू केली. मुलांना केवळ हाणामारीच द्यायची असते असं नाही, एवढं तरी त्यावरून कळतं. पुढे ‘ड्रॅगन बॉल’सारख्या मालिकांनी कळस गाठला. १९९४ च्या अखेरीस ‘जंप’चा खप एका आठवड्याला पासष्ट लाख तीस हजारांवर गेला होता. नंतर तो ओसरला. २०१७ मध्ये वीस लाखांच्या खाली आला. पण अंक आजही निघतो.

या अंकातली एक बारीकशी गोष्ट आपल्याला सर्वात उपयोगाची आहे. जपानी लिपीत चिनी वळणाची हजारो अक्षरं. लहान मुलाला ती सगळी कुठून येणार? म्हणून अशा प्रत्येक अक्षराशेजारी त्याचा उच्चार सोप्या अक्षरांत बारीक टाइपात छापलेला असतो. तिसरी-चौथीतला पोरगाही अडखळत का होईना, गोष्ट वाचून काढतो आणि वाचता वाचता अवघड अक्षरं शिकून जातो. लिपी येत नाही म्हणून गोष्ट अडता कामा नये, ही काळजी छापणाऱ्याने घेतलेली असते.

आता पुन्हा तंजावरला येऊ. तिथली मराठी कुटुंबं साडेतीनशे वर्षांनंतरही घरात मराठी बोलतात. तमिळच्या सहवासाने तिचा सूर बदलला, शब्द बदलले, पण आई मुलाशी तीच भाषा बोलते. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर मराठीची तीन हजारांवर हस्तलिखितं जपून ठेवलेली आहेत. पण त्या ग्रंथालयापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मराठी माणसाला ती वाचता येतीलच असं नाही. शाळा तमिळ किंवा इंग्रजी. देवनागरीशी गाठ पडायची वेळच येत नाही. कुणाला मराठीत चार ओळी लिहायच्या झाल्या, तर त्या तमिळ अक्षरांत लिहिल्या जातात. बोली टिकली, वाचन सुटलं.

गंमत अशी, की त्याच तमिळ प्रदेशाने महाराष्ट्रातल्या मुलांना पुढे आणखी एक भेट दिली. ‘चांदोबा’! मद्रासमध्ये नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेल्या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये आली. खांद्यावर वेताळ आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा ज्यांनी वर्षानुवर्षं रेखाटला, ते चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, तमिळच होते. २०२० मध्ये ते गेले. त्याच्या काही वर्षं आधी ‘चांदोबा’ही बंद पडला होता. आजचे आजी-आजोबा अक्षर वाचायला शिकले ते कित्येकदा त्या वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर काय, या उत्सुकतेपोटी.

वाचकहो, तंजावरच्या मराठी माणसांना दोष द्यायला ही हकिकत सांगितलेली नाही. परमुलखात, शाळा-कचेरीत कुठेही उपयोग नसताना त्यांनी दहा-बारा पिढ्या भाषा राखली, हे थोडं नाही. प्रश्न आपला आहे. पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपूरच्या कितीतरी घरांत आज मुलं आईशी मराठी बोलतात, आजीशी हट्ट मराठीत करतात, पण मराठी पुस्तक समोर ठेवलं की दोन ओळींत थकतात. पाहुण्यांसमोर आई जरा कौतुकानेच सांगते, “त्याला समजतं सगळं, वाचता तेवढं येत नाही.” तंजावरला जे व्हायला राज्य जावं लागलं, ते आपण राज्य, शाळा, छापखाने सगळं हाताशी असताना करतो आहोत.

मग करायचं काय? सरफोजींच्या पुस्तकाला राजा होता, दर महिन्याची वाट पाहणारा वाचक नव्हता. जपानच्या साप्ताहिकाने तोच वाचक घडवला. घरातही तेवढंच हवं. एखादं जाडजूड पुस्तक वाढदिवसाला देऊन मोकळं होण्यापेक्षा दर महिन्याला मुलाच्या नावाने येणारा अंक बरा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे. पहिले काही महिने आईने किंवा आजोबांनी वाचून दाखवावं, मुलाने चित्रं पाहावीत. मग ऐन रंगात आलेल्या ठिकाणी थांबावं आणि पुढचं पान त्याच्या हाती द्यावं. अडलं जोडाक्षर तर रागावू नये, पेन्सिलीने शेजारी फोड करून लिहावं, जपानी छापखान्यासारखं. आणि अंक संपला की त्याला विचारावं, यातल्या कुठल्या तीन गोष्टी आवडल्या? कुठली अजिबात आवडली नाही?

उत्तर मात्र नीट ऐकून घ्यावं. तुमची आवडती गोष्ट त्याला कंटाळवाणी वाटली असेल, तरीसुद्धा.