कॅमेरा मुलांच्या हाती

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं. आता बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड असतात. पण कोड स्कॅन करून व्हिडिओ पाहणं ही नुसती सुरुवात. खरी गंमत कॅमेरा मुलांच्या हाती आल्यावर. भिजवलेल्या मटकीशेजारी पट्टी ठेवून रोज त्याच जागेवरून फोटो काढा. मोड किती वाढला यावर वर्गात हमरीतुमरी होते! गटाला एक फोन पुरे, शिक्षकांचा जुना असला तरी चालेल. मुलांचे चेहरे मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका.