ग्रंथांचें कपाट

ग्रंथसंग्रह करणारे गृहस्थ ग्रंथांच्या निवडीविषयीं जितके चोखंदळ, तितकेच कपाटाविषयीं उदासीन आढळतात. लांब फळीचा मोह प्रथम टाळावा. त्याच जाडीची फळी दुप्पट लांब करून तशीच गच्च भरली, तर बांक १६ पट होतो. उलट जाडी दुप्पट केल्यास तो अष्टमांशच उरतो. म्हणून फळी सागवानी, १ इंच जाड व दोन आधारांमधील अंतर २॥ फुटांच्या आंत असावें, असें आम्ही सुचवितों. कपाट भिंतीपासून चार बोटें दूर, पायांवर उभें करावें. म्हणजे पावसाळ्यांत भिंतीची ओल पुस्तकांस लागत नाहीं व वाळवीची वाट वेळींच दृष्टीस पडते. किल्ली मात्र मुलांस सांपडेल अशी ठेवावी. जें कपाट कोणी उघडीत नाहीं, त्यांतील वडिलार्जित ग्रंथ कसरीच्याच वांट्यास जातात.