फाटकाचा रस्ता उघडता येईल असाच बांधा!



म्हैसूरहून हासन-अर्सिकेरेकडे जाणाऱ्या लाइनीवर बेळगोळ नावाचे एक लहान स्टेशन आहे. कृष्णराजसागर धरण जवळच असल्याने सगळा मुलुख पाण्याचा, भाताचा आणि उसाचा. दुसऱ्या बाजूने म्हैसूर शहराचा कारखानदारी पट्टा सरकत आलेला. ही लाइन मीटरगेज होती तेव्हा या भागातल्या रस्त्यांवर बैलगाड्या चालत. आज तिथे उसाचे ट्रॅक्टर, खडीचे डंपर आणि कारखान्यांच्या बसगाड्या धावतात. गेल्या पावसाळ्यात बेळगोळला आमच्या मंडळींची बैठक झाली. बहुतेक कन्नड बंधू, आणि आम्ही बेळगाव-खानापूरकडचे चार-पाच जण. बदल्या, क्वार्टर, ओव्हरटाइम हे नेहमीचे विषय झाल्यावर एक ट्रॅकमन उठला आणि म्हणाला, "अण्णा, फाटक उघडायचं काम निघालं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मीही पहार हातात घेऊनच या खात्यात आलेलो आहे.

टपाल खात्यातल्या बंधूंसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. 'फाटक उघडणे' म्हणजे गेटमनने वाहनांसाठी दांडा वर करणे, असे आपण समजाल. पण पी.वे.च्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे. रुळावरून जाणारा रस्ता खणून काढायचा, खालचे स्लीपर आणि क्लिपा तपासायच्या, रूळ ब्रशने घासून डांबर लावायचे, गेज आणि लेव्हल दुरुस्त करायची आणि रस्ता पुन्हा बसवायचा. नियमपुस्तिकेप्रमाणे हे काम प्रत्येक फाटकावर वर्षातून किमान एकदा झालेच पाहिजे आणि त्याची नोंद गेटच्या रजिस्टरात तारखेसह राहिली पाहिजे. नियम उत्तम आहे. आमची तक्रार नियमाविरुद्ध नाहीच. तक्रार अशी आहे की जो रस्ता दरवर्षी उघडायचा हे आधीपासून ठाऊक आहे, तो कधीच उघडायचा नाही अशा पद्धतीने बांधला जातो!

एका सेक्शनमधले उदाहरण सांगतो. नाव देत नाही. कंत्राटदाराने फाटकावर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवले. दिसायला सुरेख. पण खालचा थर नीट दाबलेला नव्हता. डंपरने ब्रेक मारले की ब्लॉक सरकत, फटी पडत. तक्रारी आल्या तेव्हा त्या फटींत काँक्रीट ओतून मोकळे झाले. तपासणीच्या दिवशी सगळे छान दिसले. पुढच्या वर्षी फाटक उघडायची वेळ आली. रात्रीचा तीन तासांचा ब्लॉक मागितला, मिळाला निम्मा. त्यातला बराच वेळ आमची माणसे घण आणि पहारीने तो काँक्रीटचा दगड फोडत होती. एकाच्या पायाची दोन बोटे चिरडली. निम्म्या क्लिपा गंजून बसल्या होत्या, त्या निघेनात. ब्लॉकची वेळ संपली, रस्ता कसाबसा भरला, गाड्यांना कॉशन ऑर्डर लागली. आणि आठ दिवसांनी नोटीस कोणाला? मुकादमाला! रस्ता बांधणाऱ्याला नाही, त्याचे बिल मंजूर करणाऱ्याला नाही, उघडायला गेलेल्याला!

ही एका साहेबाची वा एका कंत्राटदाराची चूक असती तर मी हा लेख लिहिला नसता. चूक रचनेतच आहे. रूळ आणि रस्ता यांचा स्वभाव वेगळा आहे. गाडी जाते तेव्हा रूळ दबतो, पुन्हा वर येतो. खडी त्याला तेवढी लवचीकता देते. रस्ता मात्र घट्ट राहू पाहतो. दोघे एकाच जागी आले की मधली जागा फुटते. फटीतून पाणी, चिखल, उसाचा चोथा, शेण खाली जाते. खडी गच्च होते, पाणी निचरत नाही, स्लीपरखालून चिखल वर येतो, रुळाचा पाया गंजतो. बाजूची लाइन टॅम्पिंग मशीन नीट करून जाते. पण मशीन फाटकापाशी आले आणि रस्ता वेळेत निघाला नाही, तर तेवढा तुकडा तसाच सोडून पुढे जाते. म्हणजे लाइनवरचा जो तुकडा सर्वांत जास्त मार खातो, त्याचीच निगा सर्वांत कमी होते.

त्यात चाकाच्या कडेसाठी रूळ आणि चेक रेल यांच्यामध्ये फट ठेवावी लागते. ब्रॉडगेजवर तिची मर्यादा ५१ ते ५७ मिलिमीटर, आणि खोली किमान ३८ मिलिमीटर. या फटीत दगड अडकला तर गाडी रुळावरून उतरू शकते, म्हणून ती साफ ठेवणे हे गेटमनचे कर्तव्य. रस्ता फुटका असेल तर डंपर गेला की फट खडीने भरते. एकट्या गेटमनने फोन घ्यायचा, दांडा पाडायचा, शिव्या खायच्या आणि वाकून फटही साफ करायची. काही गेटांवर हे सारे बारा-बारा तासांच्या ड्यूटीत! आणि उसाची ट्रॉली खड्ड्यात आपटून ऐन रुळावर अडकली तर? लाल दिवा दाखवत धावायचे आणि ब्रॉडगेजला ६०० मीटरवर एक व १२०० मीटरवर तीन फटाके लावायचे. फुटक्या रस्त्याची किंमत अशी माणसाच्या धापेने मोजली जाते.

टपाल बंधूंनो, हीच फट तुमच्याही वाट्याला येते. टपालाची पिशवी लावून सायकलवरून जाणारा ग्रामीण डाक सेवक तिरक्या फाटकावर पुढचे चाक या फटीत अडकून पडला, तर तो अपघात कोणत्या खात्याच्या हिशेबात धरायचा? फाटकाच्या हद्दीतला रस्ता रेल्वेचा, बाहेरचा पंचायतीचा किंवा बांधकाम खात्याचा. दोन्हींच्या मधला खड्डा मात्र कोणाचाच नाही.

आता प्रशासनाची उत्तरे पाहू.

पहिले उत्तर: "फाटकेच बंद होणार आहेत, पूल आणि भुयारी मार्ग होत आहेत." व्हायलाच पाहिजेत. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली सगळी फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत असे सांगितले आणि त्यासाठी ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज दिला. नागपूरजवळ कन्हान येथे फेब्रुवारी २००५ मध्ये लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॉली बिनपहाऱ्याच्या फाटकावर गाडीखाली सापडून ५० हून अधिक माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, हे चांगलेच झाले. पण पाच वर्षांची मुदत २०१७ लाच उलटली, आणि पहाऱ्याची फाटके अजून हजारोंनी उभी आहेत. शेवटचे फाटक जाईपर्यंत त्याखालचा रूळ कोणी पाहायचा?

दुसरे उत्तर: "रबराचे पॅनेल महाग पडते." जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये रबराची किंवा तयार काँक्रीटची पॅनेल वर्षानुवर्षे वापरात आहेत. जुन्या टायरचे रबर त्यात वापरता येते. पॅनेल एकमेकांत अडकवलेली असतात. यंत्राने उचलायची, बाजूला ठेवायची, काम संपले की तीच पुन्हा बसवायची. आपल्याकडेही काही ठिकाणी रबराचे पॅड बसवून पाहिले गेले आहेत. म्हणजे माहिती नाही असे नाही. महाग कशाच्या तुलनेत, एवढेच आम्ही विचारतो. दरवर्षी फोडलेला रस्ता, वाया गेलेला ब्लॉक, कॉशन ऑर्डरमुळे रखडलेल्या गाड्या आणि चिरडलेली बोटे या हिशेबात धरली आहेत काय?

मात्र आपणही भाबडे राहू नये. रबर म्हणजे जादू नव्हे. खालचा पाया दाबला नाही, पाण्याला वाट दिली नाही, तर रबराचे पॅनेलही हलेल आणि वाकेल. ते पावसात घसरडे होऊ नये, चोरीला जाऊ नये, याचाही विचार हवा. आणि शेकडो किलोचे पॅनेल खांद्यावर उचलायला लावणार असाल, तर तसले आधुनिकीकरण आम्हाला नको!

तिसरे उत्तर न बोलता दिले जाते: काही घडले की पाहू. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या फाटकावर शाळेची व्हॅन गाडीखाली आली, तीन मुले गेली. गेटमनला अटक झाली. चौकशीत दोषी ठरेल त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल वाद नाही. पण ते गेट इंटरलॉक नव्हते. गेट इंटरलॉक करण्यासाठी लागणारी रहदारीची मर्यादा २० हजार युनिटांवरून १० हजारांवर आणण्याचा हुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला. जो निर्णय काही दिवसांत होऊ शकत होता, तो तीन मुलांच्या आधी का झाला नाही? फाटकाच्या रस्त्याबाबतही आपण अशीच वाट पाहायची काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१) फाटकाचा रस्ता ठरलेल्या ब्लॉकच्या वेळेत निघेल आणि पुन्हा बसेल, ही अट टेंडरमध्येच घाला. बिल मंजूर करण्यापूर्वी तो ट्रॅकमनसमोर एकदा उघडून दाखवा.

२) फटीत काँक्रीट ओतणे बंद करा. ज्याने ओतले त्यानेच ते फोडावे.

३) पॅनेल उचलायला लहान क्रेन किंवा योग्य अवजार द्या.

४) फाटकाचा पाया, पाण्याचा निचरा आणि दोन्ही बाजूंचा रस्ता एकाच वेळी करा. फाटकात आणि त्याच्या टोकांपासून तीन मीटरच्या आत फिशप्लेटचा जोड ठेवू नका.

५) वार्षिक उघडणीला लागणारे मनुष्यबळ मंजूर संख्येत धरा. तोडलेल्या गँगकडून पूर्ण गँगचे काम मागू नका.

६) नवे डिझाइन ठरवताना मुकादम, कीमन आणि गेटमन यांना विचारा.

सहावी मागणी वाचून काही साहेब हसतील. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, मला ड्रॉइंग काढता येत नाही. पण रस्त्याखालची कोणती क्लिप आधी गंजते, पाणी कुठून शिरते, हे बेळगोळच्या त्या ट्रॅकमनला ठाऊक आहे. तो कागदावर जात नाही म्हणून कागदावरचा रस्ता त्याच्या पायावर येतो.

प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या फाटकांची यादी करावी. शेवटची उघडणी कधी झाली, किती वेळ लागला, किती माणसे होती, कोणाला इजा झाली, हे लिहून काढावे आणि येत्या पी.एन.एम. बैठकीत ते टेबलावर ठेवावे. टपाल बंधूंनी आपल्या बीटवरच्या वाईट फाटकांची नावे जवळच्या रेल्वे शाखेला कळवावीत. तोंडी तक्रार हवेत विरते. लिहिलेल्या यादीला उत्तर द्यावे लागते.

कामगार एकजुटीचा विजय असो!